मानशीचं दार

चोडणच्या मानशीचं दार कुजलं
तेव्हा तो चिखलात उतरला होता, पँट दुमडून.
म्हणाला, चवथीआधी नवं दार.
फोटोवाल्याने चिखलसुद्धा नीट टिपला.

तीन चवथी गेल्या.
खारं पाणी शेतात येऊन बसलं,
पाहुण्यासारखं नव्हे,
घरजावयासारखं.

सभेत कायतानने एवढंच विचारलं, "दार?"
तर माईक किंचाळला, टेबलावरचा पेला लवंडला:
"कोणी पाठवलंय तुला? भायर काडा ह्याका!"
कायतान टोपी उचलून निघाला.
आम्ही आपापल्या चपलांकडे बघत बसलो.

काल तो परत आला, हात जोडून.
भरती चढत होती.
बांधावरून कायतानने एक फळी पुढे केली,
"धर. ओहोटी लागेपर्यंत."

त्याने घड्याळ पाहिलं.