नुसता शड्डू

अकराव्या मिनिटाला कपाट.
अठराव्याला आरशात तोंड.
सव्विसाव्याला मांजर.
मांजर कशाला, ते विचारायचं नाही.

दिवसाला चार खेळ, आज नववा दिवस.
मी आता पडद्याकडं बघतच नाही,
टॉर्च खाली धरून माणसं बघतो.
कपाट उघडायच्या आधीच
बाल्कनीतली पोरं ओरडून मोकळी होतात,
मग हसतात, मग मोबाईल काढतात,
आणि त्या निळ्या उजेडात त्यांची तोंडं
पिक्चरमधल्या बाईपेक्षा बरी दिसतात, भुताची म्हणून.

पहिला भाग लागला तेव्हा असं नव्हतं.
त्यात ती बाई विहिरीच्या काठावर पाठमोरी बसायची.
बस्स. बसायची.
मध्यंतरात वडे परातीत तसेच राहिले,
कोल्हापूरचं पब्लिक आणि वडे तसेच!
गंगावेशीतला एक टेलर, खेळ सुटल्यावर
स्टँडपर्यंत माझ्यासंगं चालत आला,
घर पार उलट्या अंगाला असताना.
वाटेत एक अक्षर बोलला नाही.
रंकाळ्याकडनं जायचं नव्हतं त्याला, एवढंच.

ह्या भागात त्या बाईचा पगार वाढलाय बहुतेक.
छतातनं येते, फ्रिजमधनं येते,
लग्नाच्या अल्बममधनं येते,
आणि दर खेपेला स्पीकर असा फुटतो
की भिंतीचा चुना माझ्या टोपीवर.
मालक खूश. "आवाज ऐकलास? पैसा वसूल."

ज-चौदावर हिंदुराव मगदूम बसतात.
जुने पैलवान. कान मोडून भज्यासारखे झालेले,
डावा बंद, उजवा अर्धा.
सगळं थेटर उडतं, ते उडत नाहीत.
खुर्ची हादरलेली तेवढी कळते त्यांना.
"ट्रक गेला काय रे?"

परवा मध्यंतरात त्यांना सोडा नेऊन दिला,
म्हटलं, आण्णा, कसा काय पिक्चर?
म्हणाले, "मघाधरनं शड्डू ठोकतंय गड्या.
नुसता शड्डू. कुस्ती कुठाय?"

मग बाटली तशीच मांडीवर ठेवून:
"एक होता, वारणेकाठचा.
शड्डू न्हाई, आरोळी न्हाई.
हौद्यात यायचा, मूठभर माती
माझ्या खांद्यावर टाकायचा आणि हुबा.
माझ्याकडं बघायचा बी न्हाई.
माझ्या मागं कोण हुबं असल्यागत
तिकडं बघायचा.
तीनदा लढलो.
तिन्ही येळंला हात लागायच्या आधीच
पडलोतो मी."

सोडा तसाच राहिला. फेस बसला.

काल शेवटच्या खेळाला सहा माणसं.
नावं सरल्यावरही बाई एकदा ओरडली,
तिसऱ्या भागाची दवंडी म्हणून.
मी दारं लावली, एसी बंद केला,
रिकामी पाकिटं, एक लेडीज चप्पल
गोळा करत रांगा उतरत आलो.

ज-चौदाची सीट खाली होती.
हिंदुराव काल आले नव्हते.

अकरा वर्षं ऐकतोय,
ती सीट वर जाताना कुत्र्यागत कण्हते.
तेल मी कधी घातलेलं नाही.
काल ती माझ्यासमोर वर गेली,
सावकाश,
कुणी मोठं माणूस गुडघ्यावर हात ठेवून उठावं तशी.
कण्हली नाही.

टॉर्च माझ्या हातातच होती.
मागं वळलो नाही.
पहिल्यांदा वाटलं,
एखादं मांजर यावं अंगावर.