रिकामा प्लॉट

सॅन अँटोनिओच्या पश्चिमेला, गावाबाहेर,
पेकानची बाग होती.
आता तिथे पेकान लेन आहे.

फलकावर किंमत: दोन लाख नव्वद हजारांपासून.
त्या ‘पासून’मध्ये कुणीच राहत नाही
हे देल्फिनाला दुसऱ्या भेटीत कळलं.
कोपऱ्याचा प्लॉट हवा तर वेगळे.
मागच्या ओट्यावर छप्पर हवं तर वेगळे.
विक्रीच्या टेबलाशी बसलेली मुलगी
प्रत्येक आकड्याआधी ‘फक्त’ म्हणायची,
आणि लगेच भागाकार करून दाखवायची:
महिन्याला फक्त तेवीस डॉलर.
तीस वर्षांवर पसरलं की काहीही पातळ होतं.

एव्हेरार्दो तोवर स्वयंपाकघरात उकिडवा बसलेला,
फरशीच्या सांध्यावरून अंगठा फिरवत.
घर पाहावं बांधून, म्हणतात.
बावीस वर्षं त्याने तेवढंच पाहिलं, दुसऱ्यांचं.
‘घाईत लावलीय,’ तो म्हणाला. ‘शुक्रवारी.’
शुक्रवारच्या फरश्या त्याला ओळखू येतात.
त्यानेही लावल्यात.

तरी घेतलं.
भाड्याच्या घरात वरच्या मजल्यावरचा माणूस
रात्री दोनला खुर्च्या सरकवायचा,
हे एक कारण झालं. बाकीची सांगत बसत नाही.

‘राहायला तयार’ असं कागदावर होतं.
पहिल्या रात्री फ्रिजच्या जागी
फ्रिजच्या मापाची पोकळी होती.
दूध बर्फाच्या पेटीत.
अकरा खिडक्या, पडदा एकही नाही,
म्हणून सामानाच्या खोक्यांचे पुठ्ठे चिकटवले
तर आठव्या दिवशी वसाहतीच्या समितीचं पत्र:
रस्त्यावरून पुठ्ठा दिसता कामा नये.
पुढचं गवत किमतीत धरलेलं,
मागचं नाही. मागे चिखल.
‘आपल्या आधी इथे कोण राहायचं?’ लेओने विचारलं.
कुणी नाही.
‘मग वास कुणाचा येतोय?’

वर्षभर हप्ता कसाबसा जमला.
देल्फिनाने शाळेच्या बसची पहाटेची फेरी घेतली,
पावणेपाचला गाडी सुरू करायची
आणि शेजारच्यांची झोपमोड नको म्हणून
गल्लीच्या टोकापर्यंत दिवे न लावता न्यायची.

मग फेब्रुवारीत कराचं पाकीट आलं.
मोजणी दर एक जानेवारीला होते.
मागच्या एक जानेवारीला इथे चार खुंट्या होत्या
आणि त्यांना बांधलेली दोरी.
म्हणजे सरकारच्या वहीत
ही माणसं वर्षभर रिकाम्या प्लॉटवर राहत होती.
लेओचा गोवर रिकाम्या प्लॉटवर,
करपलेल्या राजम्याचं पातेलं रिकाम्या प्लॉटवर,
त्या दोघांचं ते एक मोठं भांडणसुद्धा.
आता त्यांना घर दिसलं.
महिन्याला चारशे अठरा जास्त.
मागची तूट निराळी.

देल्फिनाने पत्र दोनदा वाचलं,
घडी घातली, पिठाच्या डब्याखाली ठेवलं.
कुणी काही बोललं नाही.

त्याच आठवड्यात सिंकपुढची फरशी तडकली.
हमी एक वर्षाची होती, ती संपून अकरा दिवस झालेले.
रविवारी एव्हेरार्दोने छिन्नी घेतली.
फरशी निघाली, अगदी सहज निघाली.
खाली सिमेंटचे पाच ठिपके,
चार कोपऱ्यांत, एक मधोमध,
बाकी सगळी हवा.
तो बघत राहिला.
ही युक्ती त्याला माहीत होती.
एका तेजीच्या उन्हाळ्यात, दिवसाला दोन घरं उरकताना,
त्यानेच ती शिकवली होती
तीन-चार नव्या पोरांना.

पूर्ण माल पसरून, थापीने रेघा ओढून,
त्याने एक फरशी बसवायला दुपार घेतली.
पाणसळ ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.
उद्यापर्यंत हिच्यावर पाय नको, लेओला सांगितलं.

उद्या कधीच होऊन गेला.
पोरगा अजून ती एक फरशी
उडी मारूनच ओलांडतो.
त्याला कुणी सांगत नाही, आता चालेल म्हणून.