पत्त्यांच्या निऱ्या

गाडी विकायची ठरली तेव्हा रोहिदास म्हणाला,
चाकं बघूनच माणूस दोन हजार तोडतो.
आणि खरंच, चारही अलॉय
खरूज उठल्यासारखी.
पर्वरीच्या कुणा पोरानं हौसेनं बसवलेली,
मग आमच्या डिचोलीची तांबडी धूळ,
फुटपाथच्या कडा, ब्रेकची काळी भुकटी.
म्हापशात एका चाकाचे बाराशे मागितले.
माझ्या शिलाईच्या डब्यात सगळे मिळून नऊशे चाळीस.

तर दोन डबे चंदेरी, एक लाखेचा,
पॉलिश कागद तीन, खरखरीत ते मऊ,
आणि पुट्टी इनासच्या गॅरेजातून
परत द्यायच्या बोलीवर,
जणू पुट्टी परत देता येते.

गाडी चिऱ्यांवर चढवली. एकेक चाक उतरवलं.
पहिल्याला तीन तास.
भांड्यांचा साबण, दातांचा जुना ब्रश,
मग पाणी घालून घासणं
बोटांची सालं निघेपर्यंत.
कापडाची उलटी बाजू मला बोटानं कळते.
धातूचंही तसंच निघालं. डोळे मिटून हात फिरवला की
ओरखडा स्वतःच सांगतो, मी अजून आहे.

रोहिदास ओट्यावरून सूचना देत होता.
खाणीवर बारा वर्षं टिप्पर चालवलेला माणूस,
दहा चाकांचा हिशेब ठेवलेला,
आता चारांकडे पाहत होता
आणि त्याचे हात गुडघ्यांवर होते.

टेपला एकशेवीस रुपये. नको.
इनासच म्हणाला, पत्ते लाव गे.
टायर आणि रिम यांच्या फटीत
सरकवत गेले एकाला एक,
निऱ्या घालते तशी,
प्रत्येकीखाली पुढची अर्धी लपवून.
काहींचं तोंड आत, काहींची पाठ.
एकोणचाळीस लागले.
राजे, राण्या, गुलाम गोल उभे,
मध्ये कुणी फुगडी घालणार असल्यासारखे.
तेरा पानं डब्यात उरली. तिन्ही वेळा तीच.

तिन्ही वेळा म्हणते, कारण चौथी झालीच नाही.
मे महिना, हवा ओल्या पंचासारखी,
रंग सुकेना. फणसाखाली पहिला हात मारला
त्यावरून मुंगी चालत गेली.
तिची वाट लाखेखाली अजून असेल.
तिसऱ्या चाकाच्या शेवटाला डबा फुसफुसला.
हलवला, गरम पाण्यात ठेवला, शिव्या दिल्या.
संपला.

चौथं नुसतं धुतलं, खोबरेल लावून पुसलं,
आणि गाडी अशी लावली की ते कुंपणाकडे येईल.
चारही चाकं एकदम कुणाला दिसतात?
गाडीला बाजू दोन, माणसाला जागा एक.
रोहिदास हसला, बऱ्याच दिवसांनी,
आवाज न करता.

रविवारी सत्तरीकडचा माणूस आला.
बॉनेट उघडलं. तेलाची काडी काढून वास घेतला.
मागच्या सीटवर आडवा होऊन पाहिलं.
चाकांकडे पाहिलं नाही. एकदाही नाही.
दोन हजार तोडलेच,
हॉर्नचा आवाज बसलाय म्हणून.

कुंपणाला वळसा घालून गाडी गेली
तेव्हा मला दिसलं ते चौथंच.

चवथीच्या रात्री जागायला पत्ते काढले.
आरत्या झालेल्या, नेवऱ्यांचा डबा अर्धा,
इनास पायरीवर पाय पसरून.
पिसताना पानं खडखडली, कडा चंदेरी, कडक.
बदामाच्या राणीचा अर्धा चेहरा गेलेला.
पाठीवरच्या डागांवरून
कुणाच्या हातात काय आहे, सगळ्यांना कळत होतं.
असा डाव खेळायचा कसा, इनास म्हणाला,
आणि पुढे सरकून बसला.

रोहिदासनं पानं वाटली.
मला पहिलंच कोरं आलं,
डब्यात उरलेल्यांतलं.
ते काय होतं, कुणालाच कळलं नाही.
मी ते शेवटपर्यंत धरून ठेवलं.