विषय क्रमांक चार

इतिवृत्त मी लिहिते, म्हणून मला कोणी बघत नाही.
नगररचनाच्या दालनात, पंख्याचा वारा जिथे पोचत नाही
त्या कोपऱ्यात माझी खुर्ची.
विषय क्रमांक चार: गावभागातील इमारतींची कमाल उंची.
सध्या पंधरा मीटर. मागणी चोवीसची.
हरकती एकशे बारा, सूचना नऊ,
एका पाकिटात नुसताच जुना फोटो, मागे नाव नाही.

पहिले उठले सीमंधर आरवाडे. पेढी हळदीची,
खाली गोदाम, वर तीन मजले, त्यावर गच्ची.
म्हणाले, गल्ली नऊ फुटांची. ऊन दहाला येतं, अकराला जातं.
समोर चोवीस मीटर उभे राहिले तर सांडगे कुठं वाळवायचे?
लोक हसले. ते हसण्यावारी बोलत नव्हते.
मी लिहिलं: सूर्यप्रकाशाबाबत हरकत.

अग्निशमनचे पाखरे म्हणाले, साहेब, आमची शिडी
चौथ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत जाते.
त्याच्या पुढं नुसता आमचा आवाज जातो.
मी लिहिलं: तांत्रिक मर्यादा.

कोणी म्हणालं, देवळाच्या कळसापेक्षा उंच नको.
कोणी म्हणालं, मोबाइलचा टॉवर आहेच की ओ उंच,
त्याला विचारलं का कुणी?
बिल्डरच्या मुलानं पडद्यावर चित्र दाखवलं:
बाल्कनीत फुलझाडं, माणसं गोरी, कृष्णा निळी.
एवढी निळी ती कधी असते, मी आठवत राहिले
आणि त्याची दोन वाक्यं निसटली.

मग मागच्या रांगेतून जैबुन बागवान.
मारुती चौकात केळी विकतात. चष्मा पुसत उभ्या राहिल्या.
"मीटर मला कळत न्हाई. आम्ही फुटात मोजतो.
आयर्विनवर चाळीस झालं की गाद्या वर,
पंचेचाळीसला फ्रीज, पन्नासला माणसं.
सत्तावन्नला..."
तिथे थांबल्या. सत्तावन्नला काय, ते दालनात सगळ्यांना ठाऊक,
साहेब सोडून. त्यांची बदली गेल्या मार्चची.

"त्या साली एकोणीस जण आम्ही ह्यांच्या गच्चीवर. नऊ दिवस.
सांडग्याच्या ताडपत्रीखाली.
दोन वेळ आमटी दिली ह्यांनी, खोटं बोलणार न्हाई.
कांदा नसलेली, पण गरम.
तवा कुणी मजले मोजले न्हाईत.
आता मला वर एक खोली पायजे. विकत. हप्त्यानं.
पाचवा म्हणा, सातवा म्हणा.
पाण्याच्या वर, एवढंच."

आरवाडे बोटातली अंगठी फिरवत बसले.
मला वाटलं, आता.
मग म्हणाले, हळू, जराही न रागावता,
"तेव्हा तुम्ही पाहुणे होता, आपा."

साहेबांनी चहा आत बोलावला.

मी लिहिलं: श्री. आरवाडे यांनी हरकत कायम ठेवली.
श्रीमती बागवान यांची सूचना नोंदवून घेतली.
कांदा नसलेली आमटी कुठल्याच रकान्यात बसेना.
निर्णय पुढच्या सभेत.
साडेसहाची बुधगावची बस चुकली.
तिथे पत्र्याखाली माझी भाड्याची खोली आहे,
पण माझी ना हरकत होती ना सूचना.

सकाळी साहेबांनी टंकलेल्या प्रतीवर लाल गोल केला:
"कमाल उंची चोवीस, पुढे मीटर हवं. इथे फूट कुठून आली?"
मी सॉरी म्हटलं. खोडून मीटर केलं.

सोमवारी आरवाडे खिडकीशी आले, नक्कल घ्यायला.
ओळींवरून बोट फिरवत उभ्यानंच वाचली सगळी.
"ते पाहुण्याचं लिहिलं नाहीत?"
नाही, म्हटलं.
"बरं केलंत."
गेले नाहीत पण. मागे रांग वाढत होती.
"चोवीस मीटर म्हणजे फूट किती हो?"
पावणेएकोणऐंशी, मी म्हटलं.
त्यांचे ओठ हलले.
कशातून काय वजा करत होते,
मी विचारलं नाही.