बचतीचा रकाना

ऑक्टोबरात पिओरियात दारोदार भोपळे बसतात,
डोळे कोरलेले, दात काढून हसणारे.
मी आत, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी,
सरकारी अर्ज उघडून.
उत्पन्न भरलं. घरात माणसं किती, तीन.
मग रकाना आला: बचत.

इचलकरंजीत चौदा वर्षं मी गणित शिकवलं.
लाल शाईने कितीजणांना भोपळे दिले,
वळणदार, टोक टोकाला नीट जुळवलेले.
शेवटच्या बाकावरचा अंतू सुतार
पेपर उजेडात धरून म्हणाला होता,
बाई, तुमचं शून्य लई देखणं येतंय.
परवा त्याची फार आठवण आली.

होते तसे थोडे आमचे.
ते यांच्या मणक्यात गेले,
दोन स्क्रू आणि एक पट्टी.
हे म्हणतात, आता मीच आपली मुदत ठेव,
मोडायची नाही.
आणि हसतात, जपून,
कारण हसलं की दुखतं.

शाळेतल्या मिस वेंडेल फोनवर म्हणाल्या,
रकाना रिकामा नका सोडू.
रिकामं म्हणजे माहीत नाही,
शून्य म्हणजे माहीत आहे.
चौदा वर्षांत इतकं सोपं मला सांगता आलं नव्हतं.
लिहिलं.

मग सहा महिने ऋजुता निबंध लिहीत होती.
मधमाश्या पाळणाऱ्यांच्या मंडळाने तीनशे डॉलर दिले
(माशी घोंगावली तरी ही टेबलाखाली).
प्लंबरांच्या संघटनेने दीडशे, आणि एक पाना.
मॉलमध्ये कडक इस्त्रीचा एक सार्जंट म्हणाला,
फी आमच्याकडे लागली, तू फक्त सही कर.
तिने पेन तेवढं आणलं. अजून छान चालतं.
सरकारचं अनुदान आलं, कॉलेजची सूट आली,
तरी राहिले अकरा हजार तीनशे चाळीस.
दरवर्षी.

कर्जाचा कागद मी एका रात्री सोडवायला घेतला.
चक्रवाढ व्याज. फळ्यावर किती वेळा मांडलं होतं,
मुद्दल पाच हजार, दर सोयीचा,
कर्ज काढणारे नेहमी कुणी गणपतराव.
त्या उदाहरणांत कुणाची मुलगी कधी नव्हती.
उत्तर काढलं. ताळा करून पाहिला.
कागदाची घडी घालून पोळपाटाखाली ठेवली.

टेकडीवरच्या कॉलेजच्या मेसमध्ये
भांड्यांना माणूस हवं होतं.
जाहिरातीच्या तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरात:
वर्षभर टिकलात तर मुलांची फी माफ.
ऋजुता म्हणाली, आई, तू गणिताची बाई आहेस.
म्हटलं, म्हणून तर.

ते वर्ष ती नदीपलीकडच्या स्वस्त कॉलेजात गेली,
दोन बस बदलून. मी वाफेत.
चष्म्यावर धुकं धरायचं,
मला ताट दिसण्याआधी ऐकू यायचं.

आता ती बाहेर जेवते, मी खिडकीच्या आत.
मधे रबरी पट्टा. त्यावरून ताटं येतात,
चेहरे येत नाहीत.
अर्धे बर्गर, एकदाच चावलेली सफरचंदं,
टिश्यूंचे बोळे, कुणाचा तरी विसरलेला दातांचा साचा.
पाऊणच्या सुमारास मात्र एक ताट येतं
पुसल्यासारखं.
काटा आणि चमचा उजवीकडे, समांतर.
पानात टाकायचं नाही, हे मी तिला
लहानपणी रागावून शिकवलं होतं.
दुसऱ्या बाजूने मी ते ताट
हाताने धुते, मशीनला देत नाही.

गुरुवारी भात तसाच होता.
चमचा भातात रुतलेला, उभा.
हात पुसले, बाहेर जाऊन बघावं म्हटलं,
पण पट्टा थांबत नाही.

संध्याकाळी विचारलं तर म्हणाली,
काही नाही गं, पेपर मिळाले आज.
कसले?
गणिताचे.

मी पुढे विचारलं नाही.
भाकरी थापायला घेतली,
गोल,
आणि तिने माझ्या हाताकडे बघत
पाण्याची वाटी जवळ सरकवली.