नापास पातं

आमच्या कारखान्यात विमानांची इंजिनं होत, असं सांगितलं
की लोक उगाच आभाळाकडे बघतात.
खरं तर एकाच छपराखाली काय काय पोसलं होतं:
हेलिकॉप्टरची इंजिनं, गॅसच्या नळांवर बसणारी थोराड टर्बाइन,
दूध गरगरवून साय वेगळी करणारी यंत्रं,
बटाट्याच्या वाफ्यांत हाताने ढकलायचे नांगर,
आणि नवव्या विभागात खिमायंत्रं.
शिवाय एक बालवाडी, समुद्राकाठी आरोग्यधाम,
आणि दर शुक्रवारी चार पानी वर्तमानपत्र,
त्यात माझं नाव एकदाच आलं, तेही चुकीचं.

मी ओदार्का. विभाग तिसरा. पाती तपासायची.
दिवसाला तीनशे. दिव्याखाली धरायचं,
मग नखाने मुळापासून टोकापर्यंत एक ओढ.
भिंग नंतर.
नखाला जे कळतं
ते भिंग फक्त कबूल करतं.

तिमिश नवव्यातला.
कँटीनमध्ये त्यांची माणसं मोरीच्या दाराशी बसत,
आम्ही खिडकीशी, जिथून नीपर दिसते.
"तुमचं बिघडलं तर चौकशी बसते," पहिल्यांदा बोलला तो हेच,
"आमचं बिघडलं तर जेवण राहतं.
सांग, शिव्या जास्त कुणाला?"
मी ताट उचललं आणि दाराशी जाऊन बसले.

लग्नाच्या वर्षी मी एक पातं नापास केलं.
मुळाजवळ, रेघ म्हणावी की म्हणू नये, असं काहीतरी.
साहेबांनी भिंग लावलं, क्ष-किरण काढले. काही दिसेना.
"नखं कापा, बाई," म्हणाले.
मी सही केली नाही.
पातं भंगारात गेलं,
भंगारातून तिमिशच्या बुटात, बुटातून फाटकाबाहेर.
त्याने धार काढली, सफरचंदाच्या लाकडाची मूठ बसवली.
"उडायचं थोडंच आहे याला," म्हणाला. "कोबी तर चिरेल."

चिरला.
एकेचाळीस वर्षं.
दोन मुली, त्यांची लग्नं, बीटाच्या सूपाची किती पातेली, देव जाणे.
कारखान्याचं नाव तीनदा बदललं,
साययंत्रं बंद झाली, आरोग्यधाम कुणी विकत घेतलं,
बालवाडीत आता टायर ठेवतात.
खिमायंत्र तेवढं टेबलाला घट्ट आवळलेलं,
त्याच्या पोटावर तीच मोहर
जी इंजिनांच्या पोटावर असे,
दोन छोटे पंख, खिम्याच्या तुपाने काळे पडलेले.

काल देठ चिरताना टक्क झालं.
पातं मोडलं.
दोन्ही तुकडे खिडकीशी नेले, नख लावलं.
तिथेच. अगदी तिथेच.
"तिमिश!"
हल्ली त्याला कमी ऐकू येतं. पुन्हा ओरडले,
"बघ! म्हटलं होतं की नाही!"

त्याने चष्मा शोधला, चष्मा पुसला,
तुकडे जुळवून पाहिले, वेगळे केले, परत जुळवले.
"एकेचाळीस वर्षं," म्हणाला.
"तुझी ती पास झालेली
कुठे आहेत गं आता?"

कोबी अर्धाच चिरून झाला होता.
उरलेला मी हातानेच तोडून घातला.