चार बोटं

जेऊरच्या पुढं रस्ता संपला
आणि टेम्पोला एकदम पाणी दिसलं.
उजनीचा फुगवटा, कलतं ऊन, डांबर फासलेली बोट,
तिच्या टोकावर उकिडवा बसलेला हणमा मल्लाव.
आमच्या सामानाकडं तो असं बघत होता
की म्हशीचे दात न बघताच किंमत सांगेल.

"एवढं सगळं?"
"अजून जनरेटर हाय की ओ मामा," सिनू गड्डम म्हणाला.
मालक तोच. साउंडच्या खोक्यांवर त्याच्या मुलीचं नाव.

पार्टी पलीकडं, बेटावर.
मासळीच्या ठेकेदाराच्या पुतण्याचा एकविसावा वाढदिवस.
बेटाला वीज नाही, वाट नाही, शेजार नाही.
तक्रार केलीच तर पाखरं करतील.

आधी जनरेटर, मधोमध. मग टॉप. मग लायटी.
मग ॲम्प्लिफायर, चादरीत गुंडाळलेले.
मोराची चादर. आप्पाच्या मागावर धागा तुटला
आणि एक मोर बिनपायाचा निघाला;
व्यापाऱ्यानं परत केली, तेव्हापासून
तो मोर आमच्या मशिनी सांभाळतो.

केबल गुंडाळायचं काम माझं.
अंगठा ते कोपर, अंगठा ते कोपर.
शाळा सुटल्यावर कांड्या भरायचो, हात ते विसरत नाही.
रियाज म्हणतो, तुझ्या केबलीला कधी गाठ पडत नाही बे.
पगार मात्र सारखाच.

बेस चढवायचा म्हणजे दोघं पुढं, दोघं मागं,
फळी वाकते, आपल्या पोटातही पाणी हलतं.
इरण्णा कानडीत काहीतरी पुटपुटतो,
देवाचं नाव की शिवी, मी कधी विचारलं नाही.
पहिल्या बेसला बोट कण्हली.
दुसऱ्याला गप्प राहिली.
तिसऱ्याला हणमामामा उठला,
कडेवरून वाकून पंजा आडवा लावला,
करंगळी पाण्याला टेकली.
"चार बोटं राहिली. आता माशीबी बसायची नाय."

"मामा, चार बेसचं ठरलंय. ॲडव्हान्स घेतलाय."
"पाण्यानं घेतलाय का?"
"दुसरी खेप?"
"अंधाराची खेप नाय."

म्हणजे एक बेस काठावर राहणार,
बेसपाशी एक माणूस.
सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.
माझं वजन सगळ्यांत कमी,
मला नेलं असतं तरी चाललं असतं,
पण तसं कुणी बोललं नाही, मीही नाही.

बोट निघाली. मिक्सर मांडीवर घेऊन सिनू
तापलेलं लेकरू दवाखान्यात न्यावं तसा बसलेला.
रियाजनं हात केला.
हात दिसेनासा झाला, मग बोट,
मग फक्त मोटारीचा टकटकाट, मग तोही नाही.
मी टेम्पोतून कडक भाकरी काढली, शेंगाची चटणी,
आणि बेसवर बसून खाल्ली.
खुर्ची म्हणून चांगला आहे तो.

अंधार पडल्यावर पलीकडं एक निळी रेघ उठली,
आभाळात चाचपडली.
आधी उजेड पोचला, आवाज मागून.
गाण्यातले शब्द पाण्यातच राहिले,
ठोके तेवढे काठाला लागले.
पाखरं उठली, काळोखातच अलीकडं आली,
माझ्यापासून वीस पावलांवर चिखलात उतरली
आणि कुरकुरत जागेवरून भांडायला लागली.

मी खाली उतरलो.
पुढची जाळी काढून तळवा आत ठेवला.
वायर नाही, वीज नाही,
टेम्पोची किल्लीसुद्धा सिनूच्या खिशात.
तो काळा कागदी पडदा हलत होता.
अगदी बारीक.
माग बंद केल्यावरही चौकट क्षणभर थरथरते, तसा.

की माझाच हात?
दिवसभर ओझं वाहिलेला हात संध्याकाळी
आपोआप थरथरतो, घरी चहाची बशी वाजते.

मी तळवा उचलला.
नुसती चार बोटं टेकवली, हलकी,
आणि श्वास धरून थांबलो.